न उठलेल्या माणसांच्या गोष्टी

आमच्या गणगोतात कुणी आजारी पडलं की मला पुढं करतात. मी डॉक्टर नाही. नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. पण मला चांगलं बोलता येतं असा एक जुना गैरसमज घरात आहे, आणि माझं घर दवाखान्यांच्या रस्त्याला लागून आहे ही वस्तुस्थिती आहे. त्यामुळं किनवटपासून लातूरपर्यंत कुणाला काहीही झालं तरी माणसं आधी माझ्याकडं येतात, माझ्या बायकोच्या हातचे पोहे खातात आणि मला घेऊन दवाखान्यात जातात. डॉक्टर बोलतात ते मी ऐकायचं आणि बाहेर येऊन सगळ्यांना उदाहरणं देऊन सांगायचं. माझी उदाहरणं बहुतेक धरणांची असतात. भूगोलाच्या मास्तरकडून आणखी काय अपेक्षा करणार?

दाजींच्या वेळीही मी धरणच सांगितलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अहमदपूरला शाळेत गणित शिकवायचे. ताई किनवटकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. दोघांच्या नोकऱ्या अशा दोन टोकांना. मूलबाळ नाही. बदलीचे अर्ज करून करून दोघं कंटाळले आणि मग त्यांनी फोनवरच संसार मांडला. ताईच्या क्वार्टरमध्ये रेंज येत नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी शाळेच्या पाण्याच्या टाकीची शिडी अर्धी चढून दाजींशी बोलायची. काय बोलायचे? भाजी काय केली, डाळ शिजली का, कोणत्या पोराला भागाकार येत नाही. मी एकदा ऐकलं होतं. इतकं बिनमहत्त्वाचं बोलणं इतक्या आवडीनं करणारी दुसरी जोडी माझ्या पाहण्यात नाही. आम्हा नवरा-बायकोला एका घरात राहूनही एवढे विषय सापडत नाहीत.

एका रविवारी सकाळी दाजी न्हाणीघरात पडले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं. शेजाऱ्यांनी त्यांच्या थोरल्या भावाला फोन केला. थोरले जवळच्याच गावी शेती करतात, जीप घेऊन लगेच आले. आले ते फार चांगलं केलं. पण मग जीप अहमदपूरच्या चौकात उभी राहिली, कारण लातूरला न्यायचं का नांदेडला, हे ठरेना. लातूरला थोरल्यांच्या साडूची ओळख होती. नांदेडला मी होतो. फोनवर फोन झाले. साडू म्हणाला लातूर, मी म्हणालो नांदेड. दोघंही आपापल्या गावाची बाजू अशी लावून धरत होतो की जणू कबड्डीचा सामना आहे. दाजी मागच्या सीटवर आडवे होते. शेवटी नांदेड जिंकलं. त्या विजयाचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता, हे आता लिहिताना तोंड कडू होतं.

ताई किनवटहून दुपारी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाजींची शुद्ध हरपत चालली आणि दुपारी सर्जननी आम्हाला आयसीयूबाहेर बोलावलं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जेठ आणि भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. लातूरला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ही रीत सोडली असेल, थोरल्यांनी सोडलेली नाही. ताईचं लग्न झाल्यापासून थोरले तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत आणि ताई त्यांच्याशी नाही. काही सांगायचं असेल तर मधे माणूस लागतो. बहुतेक वेळा तो माणूस मी असतो. दोघं हातभर अंतरावर उभे असतात आणि मी मधे उभा राहून मराठीचं मराठीत करतो.

सर्जन तरुण होते. म्हणाले, "गुठळीमुळं मेंदूच्या डाव्या बाजूचा मोठा भाग गेलाय आणि आता तो सुजत चाललाय. कवटी ताणत नाही, त्यामुळं सूज चांगल्या भागावर दाब टाकतेय. कवटीचा एक मोठा तुकडा काढून जागा करावी लागेल, आत्ताच. नाही केलं तर हाताबाहेर जाईल. केलं तर जीव वाचायची बरीच आशा आहे. पण—"

थोरल्यांनी पंजा वर केला. "पण न्हाई, डॉक्टरसाहेब. तेवढं चांगलं बोला."

"मी चांगलंच बोलतोय. फक्त पुढं ते कसे राहतील—"

"जगतील म्हणलात न्हवं? मंग बास झालं. सही कुठं करू ते सांगा."

ताई खांबाला टेकून उभी होती, डोक्यावर पदर. मला म्हणाली, "अरे, बोलू दे ना त्यांना. विचार, कसे राहतील? उठतील का? बोलतील का?"

थोरल्यांना ऐकू गेलं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या ताईला सांगा, असल्या टायमाला अभद्र बोलू नये."

मी ताईकडं वळलो. "ताई, अभद्र बोलू नको म्हणतात."

"ऐकलं मी," ताई म्हणाली.

सर्जननी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांना घाई होती. थोरल्यांनी सही केली, ते आत गेले. मी बाहेर बसलेल्या मंडळींना धरणाचं उदाहरण दिलं. पाणी वाढलं की दार उघडावं लागतं, नाहीतर भिंत फुटते. सगळ्यांना पटलं. दार उघडल्यावर खालच्या शेतांचं काय होतं, ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दाजी वाचले. कवटीचा काढलेला तुकडा दाजींच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला होता, म्हणजे तो टिकतो आणि सूज उतरल्यावर परत बसवता येतो. हे मी बाहेर सांगितल्यावर दाजींच्या आत्यानं डोळे मोठे केले.

"डोस्क्याचं हाड पोटात ठिवलं?"

"हो आत्या."

"आन भूक लागली मंजी?"

आख्खा व्हरांडा हसला. ताईसुद्धा हसली. त्या आठवड्यात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

मग भेटायला येणारांची रांग लागली. शहाळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे. प्रत्येक माणूस एक पुडा आणि एक गोष्ट घेऊन यायचा. पुडा स्टुलावर ठेवायचा आणि गोष्ट आमच्या डोक्यात. निलंग्याकडचा एक माणूस होता म्हणे, त्याचीही कवटी अशीच काढली होती, आज तो दुकानावर बसतो. उदगीरची एक बाई होती, ती आता पंगतीला वाढते. सगळ्यांत जोरात चालणारी गोष्ट अहमदपूरजवळच्या एका शेतकऱ्याची होती. त्याला दाजींसारखंच झालं होतं, तसाच उजव्या अंगाला लकवा, तसंच ऑपरेशन, "आन आता ट्रॅक्टर चालवून राहिलाय, आहात कुठं!" ही गोष्ट आत्यानं सांगितली, थोरल्यांनी सांगितली, थोरल्यांच्या साडूनं लातूरहून येऊन सांगितली. साडूच्या फोनमध्ये तर फोटोच होता. ट्रॅक्टरच्या सीटवर एक माणूस, हात स्टिअरिंगवर, गळ्यात झेंडूची माळ.

मीही ती गोष्ट सांगायला लागलो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितली, गल्लीतल्या मेडिकलवाल्याला सांगितली. गोष्ट हातात आली की मला ती खिशात ठेवता येत नाही. दोन-तीनदा सांगून झाल्यावर माझ्या गोष्टीतला तो माणूस नांगरणी करायला लागला होता.

फार नंतर माझ्या लक्षात आलं की दवाखान्याच्या व्हरांड्यात फक्त उठलेल्या माणसांच्या गोष्टी चालतात. न उठलेल्यांच्या गोष्टी तिथं सांगायच्या नसतात, ते अभद्र. त्यामुळं तिथं महिनाभर बसलेल्या माणसाची अशी समजूत होते की कवटी काढलेला प्रत्येक जण आज ना उद्या कामाला लागलेला आहे. आम्ही शिकलेली माणसं. घरात मास्तरच मास्तर. पण एवढा साधा हिशेब एकालाही सुचला नाही, आणि ज्यांना तो चटकन सुचला असता ते गणिताचे मास्तर पलंगावर होते.

दाजी शुद्धीवर आले. डोळे फिरवायला लागले, ताईला पाहून त्यांचा डावा हात उठायचा. मग एक दिवस बोलले. त्यांना एकच शब्द येत होता, "बरोबर."

"पाणी पाहिजे का?"

"बरोबर."

"दुखतंय का कुठं?"

"बरोबर, बरोबर."

बोलायचं दुसरंच असायचं, तोंडातून हेच यायचं, आणि ते आल्यावर दाजी स्वतःच डोळे मिटून घ्यायचे. वर्गात फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या पोरांना इतकी वर्षं म्हटलेला शब्द, तेवढाच कुठंतरी आत शिल्लक राहिला असावा. थोरल्यांना मात्र हर्ष झाला. त्यांनी गावाकडं फोन लावला, "बोलायलाय! एकदम क्लिअर!"

पुढं त्यांना आम्ही माझ्या घरी आणलं. डोक्याची डावी बाजू खोलगट, नुसत्या कातडीची, श्वासाबरोबर हलणारी. येणारा प्रत्येक जण तिथं हात लावून बघू का म्हणायचा आणि ताई प्रत्येकाचा हात धरायची. व्यायाम शिकवणारा मुलगा रोज यायचा. बायकोनं हॉल रिकामा करून दिला. मी स्वयंपाकघरात पेपर तपासायला लागलो आणि त्या वर्षी विद्यार्थ्यांना गुण जरा सढळ मिळाले.

ताईची रजा संपत आली. तेव्हा दोन सल्ले सुरू झाले. पहिला, "काही काळजी करू नको, दिवाळीपर्यंत पळायला लागतील." दुसरा, "आता ती नोकरी सोड, त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे?" दोन्ही सल्ले तीच माणसं द्यायची, एकाच बैठकीत, चहाच्या एकाच कपावर. एका रविवारी हॉलमध्ये आत्या, थोरल्यांची मंडळी आणि आमची आई बसलेली असताना ताई म्हणाली,

"दिवाळीला पळणार म्हणता ना? मग मी नोकरी कशाला सोडू? थोडी रजा आणखी वाढवते."

"तसं न्हाई ग बाई," आत्या म्हणाली. "पळायला टाइम लागतोच की."

"किती?"

"आता ते आपल्या हातात हाय का?"

"आत्या, उठलेल्यांच्या लई सांगितल्या तुम्ही. आता न उठलेल्याची एक सांगा."

आईनं "काय बोलतेस हे" म्हणून तोंड फिरवलं. थोरल्यांच्या मंडळींना एकदम बसची आठवण झाली. आत्यानं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मला वाटलं, हिला एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती ओठापर्यंत आली आहे. पण ती गिळून उठली.

त्या संध्याकाळी ताई मला म्हणाली, "तो ट्रॅक्टरवाला कुठल्या गावचा? मला त्याला बघायचंय."

मला उत्साह आला. म्हटलं, जाऊ. व्यायाम कोणता केला, मालिश कशाची, सगळं विचारून घेऊ. दाजींपाशी बायकोला बसवलं आणि आम्ही एसटीनं अहमदपूरला गेलो, तिथून ऑटोनं गावात. घर विचारलं तर लगेच दाखवलं.

अंगणात पत्र्याखाली ट्रॅक्टर होता. त्याच्या अलीकडं प्लास्टिकच्या खुर्चीत एक माणूस बसलेला. खाली घसरू नये म्हणून त्याच्या कमरेभोवती जुन्या लुगड्याची पट्टी फिरवून खुर्चीला बांधली होती. फोटोतला चेहरा हाच. आम्हाला पाहून तो हसला, आणि हसतच राहिला.

त्याची बायको बाहेर आली. ताईच्याच वयाची. मी माझ्या खास आवाजात म्हणालो, "नांदेडहून आलो. ट्रॅक्टर चालवतात त्यांना भेटायला."

"कोण चालवतंय?" ती म्हणाली. "पोरं रानात गेलीत."

"नाही, हे. तुमचे मालक. आम्ही फोटो पाहिला."

तिनं आधी माझ्याकडं आणि मग खुर्चीकडं पाहिलं. "आवं, तो दसऱ्याचा! ट्रॅक्टरची पूजा केली तवा पोरांनी बसिवलं होतं. दोघांनी खालून धरलं आन तिसऱ्यानं फोटू काढला. बाबाला बरं वाटल म्हणून. तो फोटू लई गावं हिंडला म्हणं."

माझ्या त्या नांगरणीची मला अशी लाज वाटली की मी जाऊन ट्रॅक्टरच्या टायरकडं बघत उभा राहिलो.

ताई त्या बाईबरोबर ओट्यावर बसली. तिनं तिथं ते सगळे प्रश्न विचारले जे दवाखान्यात विचारायचे नव्हते. खाऊ कोण घालतं, धुवायचं कसं, पाठीला जखमा होतात का, राग येतो का, तुम्हाला ओळखतात का. बाई हातातल्या शेंगा फोडत उत्तरं देत होती, भाव सांगावा तशी.

"वळखतेत. समदं समजतंय त्यास्नी. राग लई. ताट फेकतेत डाव्या हातानं. हसतेत तेव्हा कामून हसतेत ते मला कळंना, त्यास्नी बी कळत नसल."

"मग तुम्ही लोकांना सांगितलं नाही, की ट्रॅक्टर वगैरे काही नाही म्हणून?"

"मला कोण इचारतंय? येतेत, ह्यांच्याकडं बघतेत, चांगलं झालं म्हणतेत, चहा पिऊन जातेत."

"आणि तुमचं?"

"माझं काय? माहेरला गेले न्हाई तवापासून." तिनं टरफलं झटकली. "पर कुंकू हाय. म्हणजी, लोक म्हणतेत तसं."

निघताना तिनं ताईच्या ओटीत शेंगा घातल्या. एसटीत ताई खिडकीकडं तोंड करून बसली होती. अहमदपूर मागं पडल्यावर म्हणाली, "ह्या बाईला दवाखान्याच्या व्हरांड्यात बसवायला पाहिजे."

हाड परत बसवायच्या वेळी ताई सर्जनना एकटीच भेटायला निघाली. मला म्हणाली, "तू ये, पण बोलू नको." मला हे जमवणं अवघड गेलं, पण जमवलं.

"सर, मला चांगलं नको. खरं सांगा."

सर्जन माझ्याकडं पाहायला लागले. ताई म्हणाली, "त्याच्याकडं नका बघू, तो बोलणार नाही."

"ताई, हे खात्रीचं नसतं," ते म्हणाले. "वय, कोणती बाजू गेली, किती भाग गेला, उपचाराला किती वेळ लागला, आत्तापर्यंत काय काय परत आलं, यावरून आम्ही अंदाज बांधतो. अंदाज चुकतातही. दोन्ही बाजूंनी."

"अंदाजच द्या."

"उजवा हात कामाचा होणार नाही. पाय आधारानं थोडा चालेल. घरातल्या घरात. बोलणं, थोडे शब्द वाढतील, गप्पा होणार नाहीत. शिकवणं संपलं. कायम एक माणूस लागेल. एक चांगलं आहे. समज बरीच परत आलीय, ती राहील. त्यांना सगळं कळेल."

उपचाराला किती वेळ लागला, असं ते म्हणाले तेव्हा मला अहमदपूरचा चौक दिसला. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडं बघत बसलो.

"हे त्या दिवशी माहीत होतं तुम्हाला?" ताईनं विचारलं.

"बरंचसं. सांगत होतो. तुमच्या लोकांनी बोलू दिलं नाही. कळलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता का?"

ताईनं विचार केला. उगीच केल्यासारखा नाही, खरंच केला. "नाही. करा असंच म्हणाले असते. पण ते मी म्हणाले असते."

हाड बसवून दाजी घरी आले त्याच आठवड्यात तिनं शाळेला कळवलं की रुजू होते. क्वार्टरमध्ये दाजींना घेऊन जाणार होती. दिवसा सांभाळायला तिकडचा एक माणूस ठरवला होता, मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत घरी जाऊन यायला हरकत नाही म्हटलं होतं. ही बातमी अहमदपूरला पोचली आणि थोरले मंडळींसह माझ्या हॉलमध्ये हजर झाले. दाजी आतल्या खोलीत झोपले होते. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

थोरले माझ्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या ताईला सांगा, माणूस असा पडलेला असताना बाईनं नोकरी करत हिंडावं का? लोक काय म्हणतील? आमच्या भावाला जंगलात नेऊन टाकून राहिली ती. नोकरी सोडावी आन गावाकडं येऊन त्याची सेवा करावी. भाऊ आमचा हाय, आम्ही काय मेलो न्हाई."

मी ताईकडं वळलो. ती माझ्यासाठी थांबली नाही. डोक्यावरचा पदर होता तसाच ठेवून ती थोरल्यांकडं बघत म्हणाली,

"दादा, भाऊ तुमचा आहे ना? मग तुम्हीच ठेवून घ्या. घेऊन जा आजच. मी सुट्टीत येऊन जात जाईन."

इतक्या वर्षांत थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. थोरले माझ्याकडं पाहत राहिले, मी ते त्यांना अजून सांगायचा राहिलोय अशा नजरेनं. सवयीनं माझंही तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.

"तसं न्हाई," थोरले भिंतीला म्हणाले. "आमच्याकडं बायामाणसं रानात जातेत. दिवसभर घरी कोण असतंय? आन संडास बी लांब..."

थोरल्यांच्या मंडळी चप्पल शोधायला लागल्या. आई ताईला म्हणाली, "काय हे तोंड तुझं, जेठाला उलटून बोललीस!" आणि त्यानंतर कित्येक महिने आई तिच्याशी बोलली नाही. भाऊबंदांत ताईची जी कीर्ती पसरली ती मी इथं लिहीत नाही. दाजींना घेऊन जायला मात्र त्या दिवशी किंवा नंतर कुणी जीप आणली नाही.

मला मनातून ताईचं कौतुक वाटत होतं. जिंकलीस, असं म्हणायला मी तिच्या मागं आतल्या खोलीत गेलो. दार अर्धं उघडंच होतं. दाजी जागे होते. पंखा बंद होता, बाहेरचं बोलणं तिथं अगदी स्वच्छ येत होतं. त्यांचे डोळे ताईवर होते. ताई त्यांच्याजवळ गेली. "अहो, ते मी त्यांना गप्प बसवायला म्हटलं. खरं नव्हतं ते. कळलं ना?"

दाजींनी बरोबर म्हटलं नाही. डाव्या हातानं पलंगाची कड धरून त्यांनी मोठ्या कष्टानं तोंड भिंतीकडं फिरवलं. आपण होऊन कूस बदलायची त्यांची ती पहिलीच वेळ. व्यायामाच्या मुलाला कळलं असतं तर त्याला आनंद झाला असता.

किनवटला मी त्यांना सोडायला गेलो आणि पहिले काही दिवस तिथं राहिलो. ठरवलेला माणूस आठ दिवसांनी यायचा होता. ताई सकाळी त्यांचं सगळं आवरायची, भरवायची, आणि घंटा झाली की शाळेत जायची. जाताना रोज एकदा सांगायची, "येते हं. मधल्या सुट्टीत येते." दाजी भिंतीकडं तोंड करून असायचे. माझ्या हातून ते दोन घास खायचे. तिच्या हातून खाताना डोळे मिटायचे.

एकदा तिनं त्यांना म्हटलं, "किती दिवस चालणार आहे हे?" नंतर मला बाहेर येऊन तोच प्रश्न विचारला, आणि लगेच म्हणाली, "राहू दे. तू आता कुणाचं तरी उदाहरण देशील."

मी देणार नव्हतो. माझ्याजवळ नव्हतंच.

माझ्या निघायच्या दिवशी दुपारी मी दाजींच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसलो. पलीकडं वर्गातून पोरांचे पाढे ऐकू येत होते, मधेमधे ताईचा आवाज. माझ्यानं गप्प बसवेना म्हणून मी म्हटलं, "दाजी, अहो ताईनं तेव्हा तसं म्हटलं, त्याचं कारण—"

त्यांनी डावा हात वर केला. थोरल्यांनी डॉक्टरांपुढं केला होता तेवढाच वर, पण दाजींकडं बघून मला कळलं की त्यांना चांगलं ऐकायचं नव्हतं, आणि वाईटही नाही.

शाळा सुटली. ताई आली, हातपाय धुतले, पदर खोचला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना सरळ केलं, ओल्या फडक्यानं पाठ पुसली, चादर बदलली. मग पलंगावर बसून, त्यांच्या तोंडाऐवजी खिडकीकडं बघत, नेहमीच्या आवाजात सांगायला लागली की आज मुसळ्यांची रानभाजी आणलीय, थोडी जून आहे, आणि पाचवीतल्या एकाला भागाकार अजून येत नाही.

तिकडून उत्तर आलं नाही. ती सांगत राहिली. माझी गाडी होती, मी पिशवी उचलली.